बिंदू सगळे बरोबर, तरी आलेख चुकला: बहुपदी वाचायची कशी

प्रश्न थोडक्यात असा. अकरावी विज्ञानाचा विद्यार्थी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपुरातच कनिष्ठ महाविद्यालयात. टेस्टमध्ये य = क्ष⁴ − ९क्ष² − ४क्ष + १२ चा आलेख काढायला आला. त्याने −२ पासून ३ पर्यंत पूर्णांक घेऊन टेबल केलं, सहाही बिंदू नीट मांडले, हाताने गुळगुळीत रेघ ओढली, आणि निम्म्याहून जास्त गुण गेले. तो विचारतो: ‘बिंदू तर सगळे बरोबर होते, मग चुकलं काय? अजून बिंदू घ्यायला हवे होते, की प्रत्येक कोटीचा (म्हणजे सर्वांत मोठ्या घाताचा) आकार पाठ करायचा असतो?’

दोन्ही नाही. नागपूरच्या महाल भागात इतकी वर्षं शिकवणी घेतोय, दर जूनमध्ये नव्या बॅचची अर्धी पोट्टी हेच करतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुझं टेबल मी तपासलं. क्षच्या किमती −२, −१, ०, १, २, ३ आणि यच्या अनुक्रमे ०, ८, १२, ०, −१६, ०. एकही चूक नाही. आता गंमत बघ. पाच बिंदू दिले की त्यांतून जाणारी चार किंवा त्याहून कमी कोटीची बहुपदी एकच असते. तुझ्याकडे सहा होते. म्हणजे माहिती कमी पडली नाही, उलट एक बिंदू जास्तच होता. पण ती माहिती हाताला कळत नाही. हात फक्त शेजारच्या बिंदूकडे बघून रेघ ओढतो. −१ वर ८, −२ वर ०, रेघ उतरत होती, म्हणून तू ती तशीच अक्षाच्या खाली सोडून दिलीस. खरा आलेख −२ ला अक्षाला नुसता टेकतो आणि परत वर जातो. −३ ला यची किंमत २४ आहे. तसंच तू वरचं वळण (०, १२) वर आणि खालचं (२, −१६) वर काढलंस, कारण टेबलमधले सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे बिंदू तेच होते. वळणं तिथे नाहीत, जरा बाजूला आहेत. ती कुठे आहेत ते पुढे काढू.

टेबलचा दोष असा की सगळ्या बिंदूंना ते सारखाच मान देतं. बहुपदीचं तसं नसतं. एकत्र कुटुंबात बियाण्या-खताचं आजोबांचं चालतं, स्वयंपाकघरात आजीचं, आणि लग्न ठरवायच्या वेळी भलत्याच कोणाचं तरी. बहुपदीतही प्रत्येक ठिकाणी कोणत्या तरी एकाच तुकड्याचं चालतं, बाकीचे असतात पण गप्प असतात. आलेख काढायचा म्हणजे कुठे कोणाचं चालतं ते ओळखायचं. मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याचाच तपशील.

आधी लांबवरचं बघ. क्ष = १० ठेव. क्ष⁴ झाले १०,०००, बाकीची तिन्ही पदं मिळून −९२८, एकूण ९,०७२. क्ष = १०० ठेव. क्ष⁴ झाले १० कोटी, एकूण येतात ९,९९,०९,६१२. हजारात एकाचाही फरक नाही. म्हणजे लांब गेल्यावर सर्वांत मोठ्या घाताचं पदच राज्य करतं. ते क्ष⁴ असल्यामुळे क्ष ऋण असो वा धन, किंमत धनच. आलेखाची दोन्ही टोकं वर जाणार. तुझं डावं टोक खाली गेलं तेव्हाच परीक्षकाने पेन उचललं असणार. घात विषम असता, क्ष³ किंवा क्ष⁵, तर एक टोक वर आणि एक खाली. सहगुणक ऋण असेल तर सगळं उलटं. पुस्तकात याची चार चित्रं असतात. ती पाठ करू नकोस, परीक्षेच्या गडबडीत तिसरं कोणतं आणि चौथं कोणतं ते आठवत नाही. मनात क्षला उणे शंभर दे, चिन्ह बघ. मग अधिक शंभर दे, चिन्ह बघ. संपलं.

‘लांब’ म्हणजे नेमकं किती लांब, हे कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं. याच बहुपदीत क्ष = ३ ला क्ष⁴ ८१ आहे आणि ९क्ष² सुद्धा ८१. तिथे दोघांची बरोबरीची झुंज आहे, राज्य कोणाचंच नाही. एक सोपा अंदाज कोशी या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो: पहिला सहगुणक १ असेल, तर उरलेल्या सहगुणकांपैकी चिन्ह सोडून सर्वांत मोठा घे आणि त्यात १ मिळव. इथे १२ + १ = १३. −१३ ते १३ च्या बाहेर या बहुपदीला एकही मूळ (य शून्य करणारी क्षची किंमत) असू शकत नाही. अंदाज ढिसाळ आहे, खरी मुळं बरीच आत असतात, पण शोध कुठे थांबवायचा ते तर कळतं.

आता जवळचं. इथेच खरी मजा आहे, आणि त्यासाठी अवयव पाडावे लागतात. सहगुणक पूर्णांक आहेत आणि पहिला १ आहे, म्हणून पूर्णांक मूळ असलंच तर ते १२ चा विभाजक असणार: ±१, ±२, ±३, ±४, ±६, ±१२. १ ठेवून बघ: १ − ९ − ४ + १२ = ०. लागलं. नववीत शिकलेला संश्लेषक भागाकार आता कामी येतो. सहगुणक मांड: १, ०, −९, −४, १२. दुसऱ्या जागेवरचं ते शून्य बघितलंस ना? क्ष³ चं पद नाही, म्हणून तिथे शून्य मांडावंच लागतं. ते गाळलं की पुढचं सगळं शुद्ध मनाने चुकतं. १ ने भागल्यावर उरतात १, १, −८, −१२. आता ३ ने भाग: १, ४, ४, आणि बाकी शून्य. क्ष² + ४क्ष + ४ म्हणजे (क्ष + २)². तेव्हा

य = (क्ष + २)²(क्ष − १)(क्ष − ३).

हे रूप मिळालं की टेबल मिटून ठेव. क्ष = १ च्या अगदी जवळ उभा राहा. तिथे (क्ष − १) हा अवयव शून्याजवळ आहे, तोच सगळं ठरवतो. बाकीचे दोन तिथे जवळजवळ स्थिर आहेत: (१ + २)² = ९ आणि (१ − ३) = −२. म्हणून १ च्या जवळ हा आलेख −१८(क्ष − १) या सरळ रेषेसारखा वागतो. उतरती रेषा, चढ −१८. विकलन न करता चढ मिळाला. विकलन येत असेल तर पडताळून बघ, हेच येईल. ३ जवळ काय होतं? (३ + २)² = २५, (३ − १) = २, म्हणून ५०(क्ष − ३), चढ ५०. म्हणजे ३ ला आलेख १ पेक्षा बराच जास्त उभा कापतो. तू दोन्हीकडे सारख्याच कोनात काढला असणार, सगळेच काढतात.

आणि −२ जवळ? (−२ − १)(−२ − ३) = १५, म्हणून तिथे आलेख १५(क्ष + २)² या अन्वस्तासारखा आहे. वर तोंड असलेला, अक्षाला टेकणारा अन्वस्त. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून चिन्ह बदलत नाही, म्हणून आलेख अक्ष ओलांडत नाही. तुझे गेलेले गुण या एका घातात होते. दुहेरी मूळ म्हणजे टेकून परत, एकेरी म्हणजे सरळ ओलांडून पलीकडे.

तिहेरी मूळ असेल, (क्ष − अ)³, तर ओलांडतो, पण आधी अक्षावर आडवा पसरून मग. हे ‘आडवं पसरणं’ चित्रात नीट दिसत नाही, म्हणून एक खरं उदाहरण देतो. रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून एकदम वर्तुळाच्या चापात नेला तर गाडीला धक्का बसतो, कारण वक्रता शून्यावरून एका क्षणात पूर्ण होते. म्हणून मध्ये एक संक्रमण वक्र घालतात, आणि भारतीय रेल्वे त्यासाठी घन अन्वस्त वापरते: य = क्ष³ ÷ (६ × त्रिज्या × संक्रमणाची लांबी). नागपूर-वर्धा गाडीत खिडकीशी बसून जेव्हा तुला वळण कधी सुरू झालं ते कळतच नाही, तेव्हा हे सूत्र आठव. समजा वळणाची त्रिज्या ८७५ मीटर आणि संक्रमण १०० मीटर. पहिल्या १० मीटरांत रूळ सरळ रेषेपासून फक्त २ मिलिमीटर सरकतो. ५० मीटरांवर २४ सेंटिमीटर. १०० मीटरांवर १ मीटर ९० सेंटिमीटर. सुरुवातीला चढ शून्य, वक्रताही शून्य, आणि मग वक्रता सरळ प्रमाणात वाढत जाते. वर्ग घेतला असता तर चढ शून्य असता पण वक्रता सुरुवातीलाच पूर्ण असती, म्हणजे धक्का तसाच. तिहेरी मुळापाशी आलेख इतका आडवा का असतो, ते या २ मिलिमीटरांत आहे. तुझ्या पेन्सिलीच्या टोकाच्या मापात तो तिथे अक्षच असतो.

आता चिन्हांची चाल. उजव्या टोकापासून सुरू कर, कारण तिथलं चिन्ह आपल्याला माहीत आहे: धन. डावीकडे ये. ३ ला एकेरी मूळ, चिन्ह बदललं, ऋण. १ ला एकेरी, परत धन. −२ ला दुहेरी, बदल नाही, धनच. डावं टोक धन, आणि ते वर काढलेल्या उत्तराशी जुळतं. जुळलं नसतं तर कुठेतरी घात मोजायला चुकलास हे तिथल्या तिथे कळलं असतं. हा फुकटचा पडताळा आहे, वापर. य-अक्षावरचा बिंदू तर शेवटच्या स्थिर पदात लिहिलेलाच असतो, १२. त्याच्या शेजारचं −४ हे त्या बिंदूपाशी आलेखाचा चढ आहे. शून्याजवळ क्ष² आणि क्ष⁴ नगण्य, तिथे राज्य −४क्ष + १२ चं. चढ ऋण आहे म्हणजे (०, १२) ला आलेख आधीच उतरणीला लागलेला आहे, म्हणजे वरचं वळण शून्याच्या डावीकडे असलं पाहिजे. टेबलमध्ये १२ सर्वांत मोठा होता तरी वळण तिथे नाही, हे एका सहगुणकावरून कळलं.

मग वळण आहे कुठे? बरेच जण म्हणतील, −२ आणि १ या मुळांच्या मधोमध, −०.५ ला. ही सवय वर्गसमीकरणातून येते. अन्वस्ताला सममिती असते, म्हणून त्याचा शिरोबिंदू दोन मुळांच्या बरोबर मध्ये येतो. कोटी वाढली की ही सममितीची हमी जाते. विकलन केलंस तर २(क्ष + २)(२क्ष² − ४क्ष − १) मिळतं, आणि त्याची मुळं −२, अंदाजे −०.२२ आणि अंदाजे २.२२. वरचं वळण −०.२२ ला, उंची सुमारे १२.४५. खालचं २.२२ ला, खोली सुमारे −१६.९५. टेबलपेक्षा फार फरक नाही, पण नसतो असंही नाही.

वळण मध्यावर का नसतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. नागपूरच्या इतवारी बाजारात मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे घाऊक मिळतात. समज तुला ३० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पुठ्ठ्यातून संत्रा बर्फीसाठी झाकण नसलेला डबा करायचा आहे. चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापायचे आणि कडा वर दुमडायच्या. घनफळ क्ष(३० − २क्ष)², म्हणजेच ४क्ष(१५ − क्ष)². घन बहुपदी, ० ला एकेरी मूळ, १५ ला दुहेरी. जास्तीत जास्त बर्फी कधी मावेल? मध्यावर, ७.५ ला, घनफळ येतं १६८७.५ घन सेंटिमीटर. ५ ला येतं २०००. आणि ५ हेच उत्तर आहे. ४ ला १९३६, ६ ला १९४४. एक दुहेरी आणि एक एकेरी मूळ असलेल्या घन बहुपदीत मधलं वळण नेहमी दुहेरी मुळापासून दोन तृतीयांश अंतरावर असतं. १५ पासून १० मागे ये, ५. दुहेरी मुळाजवळ आलेख बराच वेळ अक्षाला चिकटून रेंगाळतो, म्हणून वळण त्याच्यापासून दूर, एकेरीच्या बाजूला ढकललं जातं. आपल्या मूळ उदाहरणातही तेच झालं. −२ दुहेरी, १ एकेरी, आणि वळण मध्यापासून १ च्या बाजूला सरकलेलं.

याच डब्याचा दुसरा धडा. ‘घनफळ २००० कधी होईल’ असं समीकरण मांडलंस तर अवयव येतात (क्ष − ५)²(क्ष − २०). म्हणजे बीजगणित तुला सांगतं की २० सेंटिमीटरचे कोपरे कापले तरी २००० येतील. ३० च्या पुठ्ठ्यातून दोन्ही बाजूंनी वीस वीस! आलेख बघ: १५ ला टेकून तो परत वर चढतो आणि २० ला पुन्हा २००० ची उंची गाठतो. बहुपदीला डब्याशी देणंघेणं नाही, ती सगळ्या संख्यारेषेवर पसरलेली असते. डबा फक्त ० आणि १५ च्या मध्ये आहे. उपयोजनाच्या गणितात आलेखाचा कोणता तुकडा आपला ते आधी ठरव, मग उत्तर लिही.

वळणांच्या संख्येबद्दल एक गैरसमज. ‘चौथी कोटी म्हणजे तीन वळणं’ असं वहीत लिहून घेतलेलं असतं. खरं विधान ‘जास्तीत जास्त तीन’ असं आहे, आणि कमी झाली तर दोन-दोनने होतात. चौथ्या कोटीला ३ किंवा १, घनाला २ किंवा एकही नाही, पाचव्या कोटीला ४, २ किंवा शून्य. कारण दोन टोकांच्या दिशा ठरलेल्या आहेत. दोन्ही टोकं वर असतील तर उतरणीने सुरू होऊन चढणीने संपायला वळणांची संख्या विषमच लागते. क्ष⁴ ला एकच वळण, क्ष³ ला एकही नाही.

मुळांचंही तसंच. आलेख काढून झाला की त्यावर पट्टी आडवी ठेव आणि वर-खाली सरकव. पट्टीची उंची क समज. क्ष⁴ − ९क्ष² − ४क्ष + १२ = क या समीकरणाला किती वास्तव मुळं, हा प्रवेश परीक्षांमधला आवडता प्रश्न आहे, आणि तो सोडवायला आकडेमोड लागतच नाही. क हा ० आणि १२.४५ च्या मध्ये असेल तर पट्टी आलेखाला चार ठिकाणी कापते. १२.४५ च्या वर दोनच. ० च्या खाली, −१६.९५ पर्यंत, दोन. त्याच्याही खाली एकही नाही. बरोबर ० ला तीन वेगळी मुळं, त्यांतलं एक दुहेरी. मुळं कमी होताना नेहमी जोडीने जातात, कारण दोन छेदबिंदू जवळ येत वळणावर एक होतात आणि मग नाहीसे होतात. नाहीसे म्हणजे वास्तव रेषेवरून. संमिश्र संख्यांत ती जोडी असतेच.

पूर्णांक मूळ सापडलंच नाही तर? तेव्हाही घाबरू नको. दुसऱ्या कोटीला सूत्र आहे, तिसऱ्या आणि चौथ्या कोटीला सोळाव्या शतकात इटलीत सापडलं, आणि पाचव्या कोटीच्या सर्वसाधारण समीकरणाला वर्गमूळ-घनमूळ असल्या चिन्हांनी लिहिता येईल असं सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं. क्ष⁵ − क्ष − १ घे. असली सूत्रं इथे चालत नाहीत. पण आलेख? टोकं: डावं खाली, उजवं वर. १ ला −१, २ ला २९, म्हणजे मध्ये कुठेतरी अक्ष ओलांडला. १.१ ला −०.४९, १.२ ला ०.२९. मूळ त्या दोघांच्या मध्ये. विकलन ५क्ष⁴ − १, त्यामुळे वळणं दोनच, आणि डावीकडचं वरचं वळणसुद्धा −०.४७ च्या आसपासच्या उंचीवर, अक्षाच्या खालीच राहतं. म्हणजे वास्तव मूळ एकच. सूत्राविना एवढं कळलं.

उलटा प्रश्न, म्हणजे आलेख दिला आणि समीकरण लिहा, हा सोपा आहे आणि त्यावर मी फार वेळ घालवत नाही. −१ ला आडवा होऊन ओलांडतो, २ ला टेकतो, य-अक्षाला −८ वर कापतो: अ(क्ष + १)³(क्ष − २)², क्षला ० दिलं तर ४अ = −८, अ = −२. एवढंच. मात्र उत्तरात ‘कमीत कमी कोटीची’ हे शब्द हवेत, कारण क्ष² + १ सारखा कधीच शून्य न होणारा अवयव आत लपलेला असेल तर तो अक्षावर कुठेच दिसत नाही.

मोबाइलवर आलेख काढून देणारं डेस्मॉस आहे, जिओजेब्रा आहे, मग हे सगळं कशाला, असं तू विचारशील. वापर, पण स्वतः काढल्यावर. (क्ष − १)(क्ष − १.१) त्यात टाक. नेहमीच्या मापात १ ला टेकल्यासारखं दिसेल, कारण मधली दरी फक्त ०.००२५ खोल आहे. आलेख टेकतो की ओलांडतो हे स्क्रीन सांगू शकत नाही, अवयव सांगतात. आणि अवयवांपर्यंत पोचण्याआधीचे सहगुणक किती नाजूक असतात त्याचं प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या विल्किन्सनचं. १ ते २० ही मुळं असलेली विसाव्या कोटीची बहुपदी, तिच्या क्ष¹⁹ चा सहगुणक −२१०. तो सातव्या दशांश स्थळाइतका बदलला तर वीसपैकी दहा मुळं वास्तव रेषा सोडून संमिश्र होतात. म्हणून मोठ्या कोटीची बहुपदी संगणकात विस्तारून ठेवायची नसते.

मोठ्या कोटीचा मोह पोरांना प्रोजेक्टमध्ये फार होतो. ‘सर, मे महिन्याच्या तापमानातून बहुपदी काढली, सगळ्या बिंदूंतून जाते!’ जाणारच. समजा पाच दिवसांचं कमाल तापमान ४३, ४४, ४६, ४५, ४३. यांतून चौथ्या कोटीची एकच बहुपदी जाते. तिची पुढची किंमत काढायला समीकरणही नको. लगतच्या संख्यांची वजाबाकी कर: १, २, −१, −२. परत: १, −३, −१. परत: −४, २. परत: ६. चौथ्या कोटीत हा चौथा फरक कायम राहतो, म्हणून ६ धरून उलटं वर चढत ये. सहाव्या दिवशी ४८ अंश. सातव्या दिवशी ७४. आठव्या दिवशी १४१, पाणी उकळून वर. नागपूरचा उन्हाळा कडक खरा, पण एवढा नाही. मागे गेलास तर शून्याव्या दिवशी ५३. दोन्ही टोकं वर, कारण पहिला सहगुणक ६ ÷ २४ = ०.२५, धन आहे. पाच दिवसांच्या आत सगळी पदं एकमेकांना धरून होती. बाहेर पडल्याबरोबर चौथ्या घाताचं राज्य सुरू झालं. बिंदूंच्या आतसुद्धा ती विश्वासू असेल असं नाही. सारख्या अंतरावरचे जास्त जास्त बिंदू घेऊन कोटी वाढवत नेली तर काही अगदी साध्या फलांच्या बाबतीतही कडेला आलेख वेडावाकडा हेलकावतो, हे जर्मनीच्या रुंगेने १९०१ मध्ये दाखवलं. तुझ्या ‘अजून किती बिंदू घेऊ’ या प्रश्नाला हे एक उत्तर झालं.

आता तीन आलेख टेबल न करता काढ: क्ष⁵ − ५क्ष³ + ४क्ष, क्ष⁴ − ४क्ष³ + १६क्ष − १६, आणि क्ष⁴ + क्ष² + १. पहिल्यात मुळं पाचही एकेरी आहेत, प्रत्येकापाशी चढ काढून लिही. मधल्या मुळापाशी आणि कडेच्या मुळांपाशी उभटपणा किती वेगळा आहे ते बघ. तिसऱ्यात अक्षाला स्पर्शच नाही, पण वळण किती आणि कुठे, एवढं कारणासहित सांग. दुसऱ्यात क्ष² चं पद नाही, भागाकारात तिथे शून्य मांड. तुझ्या आलेखात २ ला तो आडवा होऊन ओलांडत असेल आणि एकमेव वळण −१ ला, −२७ इतकं खोल निघालं असेल, तर बरोबर आहे.